दोन डबे : हातातलं आणि हाताबाहेरचं

॥ श्रीगुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारी पलासियाच्या आपल्या अभ्यास मंडळात वाचन झालं, आरती झाली, आणि प्रसाद वाटता वाटता एक विषय निघाला. एका ताईंचा मुलगा बंगळुरूहून सुट्टीवर आला होता. तो मला म्हणाला, "काकू, आमच्या ऑफिसात हल्ली सगळे मार्कस ऑरेलियस वाचतात. मीही वाचलं. ते तर आपल्या स्थितप्रज्ञासारखंच वाटतं. मग दोन्हींत फरक काय? आणि रोजच्या आयुष्यात त्याचं करायचं काय?"

प्रश्न छान होता, पण घरी जायची सगळ्यांना घाई. मी म्हटलं, "लिहून पाठवते." संपादक दादांनी तो शब्द धरून ठेवला. तर आता लिहिते.

बी.ए.ला माझा विषय तत्त्वज्ञान होता. परीक्षेत या स्टोइक मंडळींवर दहा मार्कांची टीप लिहिली होती. मार्कही बरे पडले होते. नंतर लग्न, घर, मुलं, आणि ती टीप कुठल्या कुठे गेली. पन्नाशीनंतर हे पुस्तक पुन्हा हातात घेतलं तेव्हा कळलं, टीप लिहिणं सोपं होतं.

*ओसरीवरची माणसं*

आधी ही माणसं कोण ते थोडक्यात सांगते. झेनो नावाचा सायप्रस बेटावरचा एक व्यापारी. जहाज बुडून त्याचा सगळा माल गेला आणि तो अथेन्सला येऊन पोहोचला, अशी त्याची कथा सांगतात. तिथे इ.स.पूर्व 300 च्या सुमारास तो शिकवू लागला. स्वतःची शाळा नव्हती, म्हणून गावातल्या चित्रं रंगवलेल्या एका लांब, खांबांच्या ओसरीत तो बोलायचा. अशा ओसरीला ग्रीक भाषेत 'स्टोआ' म्हणतात. म्हणून हे स्टोइक. म्हणजे आपल्या भाषेत, ओसरीवरची माणसं! मला हे फार आवडतं. ओसरी म्हणजे धड घरात नाही, धड रस्त्यावर नाही. येणारा-जाणारा कुणीही टेकावं आणि ऐकावं.

झेनोनंतर त्याच्या जागी क्लीअँथिस आला. हा गरीब होता. रात्री लोकांच्या बागांना पाणी ओढून घालायचा आणि दिवसा शिकायचा. त्यानेच पुढे त्यांच्या झ्यूस देवाचं एक मोठं स्तोत्र रचलं. पुढे रोममध्ये एपिक्टेटस झाला. तो जन्माने गुलाम होता, पायाने अधू होता. गुलामीतून सुटल्यावर शिकवू लागला. बादशहाने तत्त्वज्ञांना रोममधून घालवून दिलं, तेव्हा ग्रीसमध्ये निकोपोलिस गावी जाऊन राहिला. त्याने स्वतः काही लिहिलं नाही. त्याचा शिष्य एरियन याने गुरूचं बोलणं लिहून ठेवलं, म्हणून आज ते आपल्याला मिळतं. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी लिहून घेत होते, तसंच हे. गुरू बोलतो, शिष्य लिहितो, आणि दूरच्या कुणाच्या तरी घरी दिवा लागतो.

तो दिवा लागला एका बादशहाच्या घरी. मार्कस ऑरेलियस इ.स. 161 ते 180 रोमचा सम्राट होता. एपिक्टेटसच्या बोलण्याची टिपणं त्याला त्याच्या शिक्षकाने वाचायला दिली होती, आणि त्याचे उपकार मार्कसने नाव घेऊन मानले आहेत. गुलामाचे शब्द सम्राट उशाशी ठेवतो, यातच खूप काही आलं. आज ऑफिसातली मुलं वाचतात ती मार्कसची वही. ती त्याने छापायला लिहिलेली नव्हती. युद्धाच्या छावणीत, स्वतःला समजावण्यासाठी लिहिलेली होती. आपण साधनेची वही लिहितो ना, तशी.

*ओला आणि सुका*

आता मुद्द्याची गोष्ट. एपिक्टेटसच्या छोट्या पुस्तकाची सुरुवातच एका वाटणीने होते. काही गोष्टी आपल्या हातात आहेत, काही नाहीत. आपलं मत, आपली इच्छा, आपला प्रयत्न, एखाद्या गोष्टीला 'हो' किंवा 'नाही' म्हणणं, हे हातात. शरीर, पैसा, मानमरातब, लोक काय बोलतील, हे हातात नाही. माणसाचं दुःख कुठून येतं? पहिल्यातलं दुसऱ्यात आणि दुसऱ्यातलं पहिल्यात टाकल्यामुळे.

इंदूरच्या बाईला हे समजायला पाच मिनिटं लागत नाहीत. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात येते आणि ओलं-सुकं वेगळं नसेल तर गाडीवरचा भैय्या डबा परत करतो. ओल्यात प्लास्टिक गेलं की त्याचं खत होत नाही. सुक्यात उष्टं गेलं की ते कुजतं आणि वास मारतं. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी निरुपद्रवी असतात, घोटाळा होतो तो मिसळल्यामुळे. मनाचंही तसंच. 'सुनेने माझं ऐकलं पाहिजे' हे आपण 'हातातलं' म्हणून धरून बसतो आणि दिवसभर कुजत राहतो. 'मला राग येतो, त्याला मी काय करू, स्वभावच आहे' असं म्हणून जे खरंच हातात आहे ते बाहेर फेकून देतो.

इथे एक गैरसमज काढून टाकते. हाताबाहेरचं सोडा म्हणजे प्रयत्न सोडा, असं ही माणसं म्हणत नाहीत. तिरंदाजाचा दाखला त्यांच्यात देतात. नेम नीट धरणं, दोरी नीट ओढणं हे तिरंदाजाचं काम. बाण सुटल्यावर वारा आला, सावज हललं, तर ते त्याचं राहिलं नाही. पण आधीचं सगळं काम त्याने जीव ओतूनच करायचं. फळाची आस न ठेवता कर्म करा, हे आपण लहानपणापासून ऐकतो, त्याच्या हे अगदी शेजारचं आहे.

*तीन घरगुती अभ्यास*

या लोकांचं मला पटलं ते असं की नुसतं ज्ञान सांगून ते थांबत नाहीत. रोजचा अभ्यास देतात.

सकाळचा अभ्यास मार्कसचा. दिवस उगवतानाच तो स्वतःला सांगतो की आज मला आगाऊ, कृतघ्न, मत्सरी माणसं भेटणार आहेत. आणि पुढे लगेच सांगतो की ती माझीच भावंडं आहेत, त्यांच्यातही तोच अंश आहे. पहिला अर्धा भाग आपल्याला सगळ्यांना जमतो हो! दुसरा अर्धा म्हणजे साधना.

दिवसाचा अभ्यास एपिक्टेटसचा. तो म्हणतो, सार्वजनिक स्नानगृहात निघालात तर आधीच आठवा की तिथे पाणी उडणार, धक्के लागणार, कुणी तरी चोरी करणार. मग स्वतःला सांगा, मला आंघोळ करायची आहे आणि मनही ठिकाणावर ठेवायचं आहे. मी हे लग्नाला निघताना करते. रिक्षात बसल्या बसल्या आठवते की जेवणाची पंगत उशिरा बसणार, कुणी तरी साडीवरून बोलणार, कुणी तरी मुलीच्या लग्नाचं विचारणार. मला आशीर्वाद द्यायचा आहे आणि मन शाबूत घेऊन परत यायचं आहे. खरं सांगते, निम्मं लग्न सोपं होतं.

रात्रीचा अभ्यास सेनेकाचा. हा रोमचा मोठा लेखक आणि मंत्री होता. रात्री दिवा मालवला की तो दिवसाचा हिशेब मांडायचा. आज कुठे चुकलो, कुणाला उगाच बोललो. त्याच्या बायकोला ही सवय माहीत होती, ती तेवढा वेळ गप्प राहायची. त्या बाईचं मला जास्त कौतुक वाटतं. नवऱ्याची साधना चालू असताना गप्प राहणं हीसुद्धा साधनाच की.

*पाटल्यांची गोष्ट*

आता स्वतःचं सांगायला हवं, नाहीतर हे सगळं पुन्हा दहा मार्कांची टीपच होईल.

आमच्या सासूबाईंना शेवटची तीन वर्षं स्मृतिभ्रंश होता. त्यांच्या सोन्याच्या पाटल्या मी चोरल्या, असं त्यांच्या मनाने घेतलं. पाटल्या लॉकरमध्ये होत्या, त्यांनी स्वतःच ठेवायला दिल्या होत्या. पण येईल त्याला सांगायच्या, दूधवाल्याला, शेजारच्यांना, माझ्या माहेरच्या माणसांनाही. पहिले काही महिने मी वाद घातला. लॉकरची पावती दाखवली. एकदा तर बँकेतून पाटल्या आणून त्यांच्या हातात घातल्या. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी "या माझ्या नाहीतच, तू बदलल्यास."

त्या रात्री मी खूप रडले, आणि मग दोन डबे समोर ठेवले. त्यांचं मत माझ्या हातात आहे का? नाही. दूधवाला मला चोर समजेल की नाही, हे हातात आहे का? नाही. त्या विचारतील तेव्हा माझा आवाज कसा असावा, हे कुणाच्या हातात आहे? एवढं एकच माझं निघालं. तेवढंच धरलं. त्या म्हणायच्या, "पाटल्या कुठे आहेत?" मी म्हणायची, "शोधू आई, आधी चहा घेऊ." दिवसातून दहा वेळा.

रोज जमलं असं मुळीच नाही. एकदा पाहुण्यांसमोर मी ओरडले, आणि रात्रीच्या हिशेबात ते लिहावं लागलं. पण हळूहळू ते वाक्य तोंडात बसलं. मग एक दिवस गंमत झाली. मी त्यांचे केस विंचरत होते. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू फार गुणाची आहेस गं. माझी सून मात्र चोर निघाली." मला हसूही आलं आणि डोळेही भरले. निंदा आणि स्तुती, दोन्ही एकाच वाक्यात, एकाच बाईची. तेव्हा मला पहिल्यांदा आतून कळलं की दोन्ही खरोखरच माझ्या डब्यातल्या नाहीत. माझा होता तो फक्त कंगवा.

*माझी चूक*

इथवर वाचून कुणाला वाटेल की काकूंना जमलं. म्हणूनच पुढचं लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच एका सेवेकरी ताईंचा तरुण मुलगा अपघातात गेला. चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. नुकतंच हे सगळं वाचलेलं, डोक्यात भरलेलं. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "ताई, जे आपल्या हातात नाही त्याचा शोक करून काय होणार? महाराजांवर सोडा." त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत बसल्या. मला वाटलं, माझं बोलणं लागू पडलं. सावरल्या.

सात-आठ महिन्यांनी भोजन प्रसादाची भाजी चिरताना आम्ही दोघीच होतो. तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही त्या दिवशी म्हणालात ते खोटं नव्हतं. पण ते मला तेव्हा नको होतं. मला कुणी तरी नुसतं जवळ बसायला हवं होतं. तुम्ही बोललात आणि मला वाटलं, आता तुमच्यासमोर रडायची सोय राहिली नाही." मग म्हणाल्या, "आणि ते तर तुमच्या हातात होतं ना, बसणं?"

मला उत्तर नव्हतं. आजही नाही.

नंतर विचार करताना माझी चूक मला दिसली. दोन डब्यांची वाटणी प्रत्येकाने आपापल्या घरची करायची असते. शेजारणीच्या डब्यात हात घालून 'हे बघा, हे तुमचं हाताबाहेरचं' असं आपण सांगू लागलो की ज्ञानाचं शस्त्र होतं. सासूबाईंच्या वेळी मी माझाच डबा वेगळा केला, म्हणून उपयोग झाला. ताईंच्या वेळी माझ्या डब्यात एक गोष्ट अगदी वरती पडली होती, त्यांच्याजवळ बसणं. ती न उचलता मी त्यांचा डबा आवरायला गेले. खरं तर त्यांचं रडणं मला सोसवत नव्हतं, म्हणून मी ते तत्त्वज्ञानाने बंद केलं. आपल्यापैकी कितीजणी सांत्वनाला जाऊन हेच करून येतो, विचार करा.

*महेश्वरच्या घाटावर*

आणि स्टोइक माणसं तरी रडत नव्हती का? मार्कस आपला एक शिक्षक वारला म्हणून रडत होता. वाड्यातले नोकर त्याला गप्प करू लागले. तेव्हा त्याला दत्तक घेतलेल्या सम्राटाने त्यांना अडवलं आणि म्हटलं की त्याला माणूस राहू द्या, कारण तत्त्वज्ञान किंवा राज्य माणसाची माया काढून घेत नसतं, अशी आठवण सांगतात. पुढे मार्कसला तेरा-चौदा मुलं झाली आणि त्यातली बरीचशी त्याच्या डोळ्यांदेखत गेली. सेनेकानेही एका पत्रात कबूल केलं आहे की जिवलग मित्र गेल्यावर आपण आवरता येणार नाही इतके रडलो.

पण या बाबतीत मला रोमपर्यंत जायची गरज पडत नाही. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, आणि तिथून महेश्वर जवळच आहे. त्याच नदीच्या काठी आपल्या अहिल्यादेवी राहिल्या. आपण त्यांचा पुतळा राजवाड्यासमोर रोज बघतो, अहिल्योत्सवात पालखीपुढे फुलं वाहतो, पण त्यांच्या घरात काय काय झालं ते सलग आठवत नाही. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. त्या सती जायला निघाल्या, सासरे मल्हाररावांनी विनवणी करून थांबवलं. 1766 मध्ये मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. मग राज्याचा भार. पुढे नातू गेला, आणि साधारण वर्षभरातच, 1791 मध्ये, जावई यशवंतराव फणसे. आणि मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली.

सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातल्या लोकांकडून ऐकून हे सगळं आपल्या 1823 च्या ग्रंथात नोंदवलं आहे. अहिल्यादेवींनी मुलीची परोपरीने विनवणी केली. मुलीने ऐकलं नाही. तिचं म्हणणं असं की तुझे थोडेच दिवस राहिले, तू गेल्यावर मी कुणासाठी जगू? अहिल्यादेवी तिच्याबरोबर नदीकाठी चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरले होते. बराच वेळ त्या धीराने उभ्या होत्या. पण चिता पेटली तेव्हा त्यांचा धीर सुटला. त्यांनी आक्रोश केला, आणि धरून ठेवलेले स्वतःचेच हात त्या चावू लागल्या. नंतर नर्मदेत स्नान करून वाड्यात गेल्या. तीन दिवस जवळजवळ अन्न घेतलं नाही, एक शब्द बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि गेलेल्यांच्या आठवणीसाठी एक सुंदर स्मारक बांधायला घेतलं. त्यानंतर 1795 पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, त्यांनी राज्य सोडलं नाही.

त्यांचा दिनक्रमही माल्कमने दिला आहे. सूर्योदयाच्या आधी उठणं, पूजा, पोथी ऐकणं, दानधर्म, दुपारी दोन ते संध्याकाळी सहा दरबार, मग पूजा आणि थोडंसं खाणं, आणि पुन्हा रात्री नऊ ते अकरा कामकाज. एकदा एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचं पुस्तक लिहून आणलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, इतकी स्तुती घेण्याची आपली योग्यता नाही असं म्हणाल्या, आणि पुस्तक नर्मदेत टाकायला सांगितलं. स्तुती कुठल्या डब्यात जाते हे त्यांना कुणी ग्रीक माणसाने शिकवलं नव्हतं.

एपिक्टेटस म्हणतो, रडणाऱ्या माणसाबरोबर जा, बोला, वेळ पडली तर त्याच्याबरोबर हुंदकाही द्या, पण आतून हलू नका. आणखी एका ठिकाणी तो म्हणतो, लेकराचा पापा घेताना मनाला सांगा की हे मर्त्य आहे. इथे मात्र मी त्याच्या ओसरीवरून खाली उतरते. आई आहे मी. आतून न हलणारी समता मला नको आहे. अहिल्यादेवी आतून हलल्या, बाहेरून हलल्या, घाटावर सगळ्या प्रजेसमोर हलल्या. त्यांची समता कशात दिसते? चौथ्या दिवशी त्या उठल्या यात. स्थितप्रज्ञ म्हणजे ज्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही तो, असं आपण उगाच धरून चालतो. पाणी येऊन गेल्यावर ज्याला आपलं काम कुठे ठेवलं होतं ते सापडतं, त्याची प्रज्ञा स्थिर, असं मला वाटतं. थोरामोठ्यांनी चूक असेल तर सुधारावी.

*रेष सरकते*

एक अवघड प्रश्न उरतो, आणि तो टाळला तर त्या बंगळुरूच्या मुलाला मी अर्धंच उत्तर दिलं असं होईल. मुक्ताबाईला थांबवणं खरंच अहिल्यादेवींच्या हाताबाहेर होतं का? त्या तर राज्यकर्त्या होत्या. त्या काळी रूढीच अशी होती की त्यांना विनवणीपलीकडे जाता आलं नाही. पण पुढे राममोहन रॉय यांच्यासारखी माणसं उभी राहिली, आणि 1829 मध्ये सतीबंदीचा कायदा झाला. जे एका राणीच्या हाताबाहेर होतं, ते अडतीस वर्षांनी अनेकांच्या हातात आलं. स्टोइकांचंही हेच. सेनेकाने गुलामांना माणसासारखं वागवा असं कळकळीने लिहिलं, पण गुलामीच नको असं म्हटलं नाही. ती त्यांनी हवापाण्यासारखी धरून चालवली.

म्हणून 'हे आपल्या हातात नाही' हे वाक्य उच्चारताना दोनदा विचार करावा. पूर्वी आपणच म्हणायचो, 'इंदूरचा कचरा? तो काय आपल्या हातात आहे!' मग घराघरात दोन डबे आले, आणि 2017 पासून हे शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं. एका हाताबाहेरचं शंभर हातांत मावतं. सेवा म्हणजे तरी काय? माझ्या हातात जे मावत नाही, त्याला आणखी हात जोडून घेणं.

आणि सगळे हात जोडूनही जे उरतं ते? तिथे स्टोइक आपल्या विवेकावर उभा राहतो. क्लीअँथिससारखे तर त्याच्याही पुढे जाऊन विश्व चालवणाऱ्या शक्तीपुढे नमतात. आपल्याकडे त्या जागी सद्गुरूंचे चरण आहेत. माझ्या दृष्टीने त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. वाटणी दोन्हीकडे सारखीच आहे. पण आपल्याला हाताबाहेरचं टाकून द्यायचं नसतं, ते ठेवायला एक जागा आहे. टाकणं आणि ठेवणं यात फरक आहे. ताईंनी त्यांचा मुलगा कधीच टाकला नाही. रोज संध्याकाळी दिवा लावताना त्या त्याला महाराजांपाशी ठेवतात. मी हल्ली त्या वेळी तिथे गेले तर काही बोलत नाही. शेजारी बसते.

*या आठवड्यासाठी*

ज्यांना करून बघायचं असेल त्यांनी पुढच्या गुरुवारपर्यंत एवढंच करावं. सकाळी नामस्मरणानंतर, आज कोण त्रास देईल ते आठवावं आणि त्याला मनातल्या मनात एक नमस्कार करावा. दिवसा कुठेही अडलं तर दोन डबे करावेत आणि आपल्या डब्यातलं एक तरी काम उचलावं. रात्री हिशेब लिहावा, दोन ओळी पुरेत. आणि कुणी दुःखात असेल तर तिथे हे काही सांगू नये. पाणी द्यावं, बसावं.

लिहिण्यात काही चुकलं असेल तर ते माझं, बरं उतरलं असेल तर ते महाराजांचं.

श्रीगुरुचरणी अर्पण. 🙏

आपली,
एक सेविका, पलासिया, इंदूर